सर्वांच्या हक्काचा उगम

"पण गुरुजी, हक्क म्हटला की तो कुणीतरी दिलेला असणारच ना?"

निरंजन वैशंपायनने हे चौथ्यांदा विचारलं. माणूस हुशार, कायद्याचा पंडित, आणि हे त्याला चांगलं ठाऊकही होतं. स्वीडनच्या कायद्यातल्या एका शब्दापायी त्याने तीन वर्षं घासली होती. आलेमान्सरेत. म्हणजे सर्वांचा हक्क. दुसऱ्याच्या रानातून कुणीही चालावं, रानफळं खावीत. पीक तुडवू नये, कुणाच्या अंगणात घुसू नये.

प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि उगमाचं प्रकरण कोरं होतं. कुठल्या राजाने दिला, कुठल्या सभेने? बाडंच्या बाडं पालथी घातली, पत्ता नाही. शेवटी बिचारा घाटमाथ्यावर, शाळेतल्या जुन्या गुरुजींकडे आला.

गुरुजी म्हणाले, "समोरच्या उतारावरून ओंजळभर करवंदं आण बरं."

"जागा कुणाची?"

"सगुणाबाईची."

आता कायद्याचा माणूस तो. जाळीकडे न जाता थेट सगुणाबाईच्या दारात गेला आणि रीतसर परवानगी मागितली.

सगुणाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. करवंदं कुणी विचारून नेल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. यात काहीतरी गोम असणार...

"आमचं मालक बाजाराला गेल्यात," ती सावधपणे म्हणाली. "आलं की इचारून सांगते."

निरंजन हात हलवीत परत आला. गुरुजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग काठी घेऊन उठले, उतारावर गेले आणि खुशाल करवंदं तोडू लागले. निरंजन मागे, जीव मुठीत धरून.

दारातून सगुणाबाईची हाक आली, "गुरुजी, वरल्या जाळीतली घ्या. ती गोड हायती."

वरच्या जाळीतली खरंच गोड होती. दोघं दगडावर बसून खात राहिले. निरंजनची बोटं चिकाने चिकट झाली, शर्टावर डाग पडले. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. तरी खोड जाते थोडीच...

"गुरुजी, हा हक्क तुम्हाला दिला कुणी?"

गुरुजींनी बी थुंकली.

"देणारा शोधू नकोस बाबा. सापडला, तर परत मागेल."