करवतीवरचा चहा

चिपळूणच्या आबासाहेब खानविलकरांच्या वखारीत माल घ्यायचा तर पारखायचा नाही, अशी रीतच पडून गेली होती. पारखणं म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास. एकदा त्यांचं बिनसलं की त्या माणसाला पुन्हा फळीचा तुकडाही मिळत नसे.

सुलोचना पांचाळला त्यांची जुनी करवतीची मशीन हवी होती, लोखंडी पेटीवर सपाट टेबल असलेली. नवी तिच्या वर्कशॉपला झेपणारी नव्हती, आणि जुनी खराब निघाली तर शाळेच्या बाकांचं काम हातचं जाणार होतं.

"चालवून बघायचं काही कारण नाही," आबासाहेब म्हणाले. "ही सुरू असताना टेबलावर समई ठेवा, ज्योत हलायची नाही."

"छे, बघायचं नाहीच," सुलोचना म्हणाली. "पण आमच्या घरी अवजार घेताना देणाऱ्याच्याच हातून एकदा सुरू करून घेतात. तेवढा मान तुमचा."

मान म्हटल्यावर आबासाहेब खुलले. त्यांनी चहा मागवला. सुलोचनाने त्यांचा काठोकाठ भरलेला कप करवतीच्या टेबलावर, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यासमोर ठेवला.

आबासाहेबांनी एक हात बटणाकडे नेला आणि दुसऱ्या हाताने कप चटकन उचलला.

"राहू द्या की तिथेच."

"अहो, सांडेल ना."

"जिथे ज्योत हलत नाही, तिथे चहा कसा सांडेल, आबासाहेब?"

आबासाहेबांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. मग त्यांनी मिस्त्रीला हाक मारली आणि बेअरिंग बदलूनच मशीन पांचाळांकडे पोचवायला सांगितली.

तेव्हापासून वखारीत चहा आला की गिऱ्हाईक कप कुठे ठेवतंय, याकडे त्यांचं बारीक लक्ष असे.