कडुलिंबावरचं गाठोडं

“मग चूक कुणाची, बाबा? माझी की त्याची?”

भानगीर बाबा मठाच्या ओट्यावर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस, मास्तर.”

“उभाच बरा आहे.”

पुंजाराम मास्तर समोरच्या कडुलिंबाच्या सावलीत उभे होते. तालुक्याच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. एकच प्रश्न दोनदा विचारावा लागला, की त्यांचा पारा चढे.

“अप्पांच्या अस्थी गोदावरीतच गेल्या पाहिजेत. धाकटा तुळशीराम म्हणतो, मळ्यात पुरायच्या अन् वर आंबा लावायचा. बापाच्या अस्थी म्हणजे काय शेणखत आहे?”

बाबांनी पुढची वात वळायला घेतली.

“तरी मी ताणलं नाही. इंग्रजीत म्हणतात, ॲग्री टू डिसॲग्री. आपलं जमत नाही, एवढं दोघांनी कबूल करायचं. संपलं. शहाण्यांची रीत.”

“संपलं?”

“संपलं.”

“आणखी काय म्हणतात इंग्रजीत?”

मास्तर खुलले. “पुष्कळ! बरी द हॅचेट. म्हणजे कुऱ्हाड पुरून टाकायची, वैर मिटवायचं. भांडणावरचे असे पानभर वाक्प्रचार मी पोरांकडून घोकून घेत असे.”

“तुळशीरामला सांगितलंस?”

“त्याला कुठलं इंग्रजी कळतंय!”

“मग मराठीत सांगायचंस.”

“बोलणं बंद आहे आमचं.”

बाबांनी हातातली वात खाली ठेवली.

“आणि अप्पा?”

 अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून मास्तरांनी स्वतःच्या हातानं अप्पांच्या अस्थींचं गाठोडं मठातल्या या कडुलिंबाला टांगलं होतं. दहाव्यापर्यंत, असं म्हणून. पुढं वर्षश्राद्धही झालं. तेही दोघा भावांनी आपापल्या घरी घातलं. गाठोडं उतरलं नाही.

“वर बघ,” बाबा म्हणाले.

मास्तरांनी वर पाहिलं. फांदीला भगवं गाठोडं लोंबत होतं.

“हे... हे कुणाचं? मी अप्पांच्या पांढऱ्या धोतरात बांधलं होतं.”

“धोतर वळवाच्या वाऱ्यात फाटलं. ही माझ्या अंगावरची छाटी.”

“मला सांगितलं नाहीत?”

“तुम्ही दोघंही येत होता. एकानंही मान वर केली नाही.”



“आतलं... सांडलं?”

“हाडं वेचली मी. राख कशी वेचणार?”

“कुठं सांडली?”

 बाबांनी नुसतं मास्तरांच्या वहाणांकडे पाहिलं.

मास्तरांनी झटकन एक पाय उचलला. मग तो कुठं टेकावा, ते त्यांना कळेना. बुंध्याला धरून ते तसेच एका पायावर उभे राहिले. 

“बाबा... पाय कुठं ठेवू?”

बाबांनी पुन्हा वात हातात घेतली.

“तिथंच ठेव, मास्तर. तुळशीरामही तिथंच उभा राहून भांडतो. अप्पांना सवय झालीय.”