पाय न सुटणारा जोडा

"पाय सुटणारच नाही, असा जोडा कुठला, बाबा?"

भिकनाथबाबा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा शार्दूल. खालच्या गावचा, इंजिनीअर व्हायच्या बेतात आलेला, त्यामुळे मान जरा ताठ. डोंगरातली सायकल घेऊन आला होता. आमचा मठ खिंडीत, आणि मठामागूनच म्हातारीचा उतार सुरू होतो. शहाणी माणसं तो उतार बसून घसरतसुद्धा उतरत नाहीत. ही पोरं सायकलवरून उतरतात. आधी मठात टेकतात, बाबांच्या पाया पडतात आणि मग मरायला मोकळी होतात.

असं मी हसत म्हणायचो. दिवाळीनंतर म्हणायचं सोडलं. दिवाळीत शार्दूलचा थोरला भाऊ, केदार, त्या उतारावर गेला.

"दुकानं पालथी घातली," शार्दूल म्हणाला. "खास सायकलचे जोडे परवडत नाहीत. परवडतात ते पायडलवरून घसरतात. तुम्ही इथं बसून इतक्यांचे पाय बघता, म्हणून विचारतो. उपदेश नकोय मला. जोड्याचं सांगा."

"पाय कसले बघतात," मी म्हणालो. "पाया पडणाऱ्याचं डोकं दिसतं. ते पण एखाद्यालाच असतं."

"तात्या, गप," बाबा म्हणाले. मग त्याला, "कधी उतरणार?"

"आत्ता."

बाहेर पौषातलं ऊन मेल्यासारखं पडलं होतं. दरीत धुकं. उताराचा खालचा भाग दिसतच नव्हता.

"आईला माहीत आहे?"

"मित्राकडे जातो म्हणून सांगितलंय."

धुनीतलं लाकूड तडकलं.

मला अशी शांतता सोसत नाही. मी हळूच उठून बाहेर आलो. माझा जुना धंदा आहे हा. मठात आलेल्या पाहुण्याचा एका पायातला जोडा लपवायचा आणि तो लंगडी घालत शोधतो ते बघायचं. बाबांना धुनी, मला एवढं.

शार्दूलचे बूट पायरीखाली होते. डोंगर चढायचे, तळाला हे एवढाले दात. एक उचलला आणि सायकलमागं लपवायला गेलो, तर तिच्या दोन्ही पायडलना काळ्या पट्ट्या लोंबत होत्या. जुनी ट्यूब कापून केलेल्या.

"काय रे शार्दूल," मी ओरडलो, "सायकलला शेपट्या कशाला लावल्यास?"

बाबा बाहेर आले. पट्ट्या पाहिल्या. हात लावला नाही.

"बस सायकलवर. उतरताना बसशील तसा."

"आत्ता?"

"आत्ताच म्हणालास ना?"

मी बूट गुपचूप परत दिला. शार्दूलनं दोन्ही बूट चढवले, सायकल मठाच्या भिंतीला टेकवली, वर बसला. खाली वाकून एक पाय पट्टीनं पायडलला आवळला. मग दुसरा. गाठी सराईत होत्या.

बाबांनी एका बोटानं त्याचा खांदा ढकलला.

सायकल पडली. तिच्यासकट शार्दूल पडला. पाय तिथंच, गाठीत. उलट्या पडलेल्या किड्यासारखा हातांनी माती खरवडत राहिला.

मी हसलो. एकटाच.

"सुटला का पाय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग हवा तो जोडा आहे की तुझ्याजवळ. मला कशाला विचारतोस?"

शार्दूल आडवाच. उठायचा प्रयत्नही करेना.

"केदारचे पाय कोणी बांधले होते?"

"पाठीवर पिशवी होती त्याच्या," शार्दूल मातीकडे बघत म्हणाला. "त्याला वाकता येत नव्हतं."

"कोणी बांधले?"

"हेच बूट होते. दादाचे. दातांमुळं पायडलवर सारखे डळमळायचे. नवे घ्यायचे म्हणत होता, मी म्हटलं कशाला खर्च, ट्यूबनं बांधू, पाय हलणारसुद्धा नाही…" तो थांबला. "नाही हलला. सायकल कड्यावरून गेली, तर त्याला नुसती सोडून द्यायची होती, बाबा. सायकलच सोडायची होती. मी खाली पोचलो तेव्हासुद्धा माझी गाठ तशीच होती."

माझं हसू कुठं ठेवावं मला कळेना.

शार्दूलनं कंबरेचा चाकू काढला आणि पट्टीला लावला. बाबांनी चाकू काढून घेतला.

"बोटांनी."

पडताना ताण बसून गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. तो नखांनी कोरत बसला. मध्ये एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुढं सरकलो, तर बाबांनी मला नुसत्या डोळ्यांनी जागेवर बसवलं. धुकं वर आलं, पार आमच्या पायरीपर्यंत. एक गाठ सुटली. मग केव्हातरी दुसरी.

बाबा आत गेले आणि कोनाड्यातला एक जोडा घेऊन आले.

आमच्याकडं तेराव्याला मेलेल्याच्या नावानं नवा जोडा दान करतात. पुढच्या वाटेवर म्हणे काटेकुटे असतात, तिथं माणूस अनवाणी जाऊ नये. आसपासच्या गावांतले असे जोडे मठात येतात आणि कोनाड्यात पडून राहतात. ते जिता माणूस घालत नाही. मीसुद्धा त्यातला एकही कधी लपवलेला नाही.

हा बॅडमिंटनचा जोडा होता. साधा, स्वस्तातला. तळ सपाट, गुळासारख्या रंगाच्या मऊ रबराचा.

"केदारच्या तेराव्याचा," बाबा म्हणाले. "तू नव्हतास त्या दिवशी."

"मला… जमलं नाही यायला."

"तुझ्या आईनं आणलाय. भावकीतले म्हणत होते, चामड्याच्या चपला आणा, रीत आहे. तिनं ऐकलं नाही. दुकानात जाऊन म्हणाली, माझ्या पोराचा पाय सायकलवर घसरत होता. तिथं तरी घसरू नये, असा द्या. महागाचा झेपणार नाही."

बाबांनी अंगठ्याचं नख तळात दाबलं. नख रुतलं. काढलं, तशी खूण हळूहळू भरून आली.

"घाल."

"मेलेल्याचा जोडा?"

"दान घेतलं की माझा. माझा मी कोणालाही देईन."

"माप…"

"भावाचे बूट घालून आलायस, आणि माप विचारतोस?"

शार्दूलनं केदारचे बूट काढले. नवा जोडा घालताना नाडी ओवायला त्याला फार वेळ लागला. मग सायकल पुन्हा भिंतीला टेकवून तो वर बसला. पायडलवरचे बारीक खिळे रबरात बसले. त्यानं पाय पुढं-मागं करून पाहिला. हलेना. वर उचलला, तर सहज उचलला गेला.

तो नाडीकडे बघत असतानाच बाबांनी ढकललं.

सायकल पडली. एकटीच.

शार्दूल दोन पायांवर उभा होता. स्वतःच्या पायांकडे बघत. आणि मग तो रडला. दिवाळीपासून रडला नसावा, असा.

मी दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे नुसतं धुकं होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं सायकल उचलली. पट्ट्या जमिनीवर तशाच पडल्या होत्या. सायकलचं तोंड म्हातारीच्या उताराकडे होतं. तो तिला धरून तसाच उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "हा जोडा… याचं मोल मला झेपेल का?"

बाबा धुनीकडे वळले होते.

"गाडीरस्त्यानं जा. घालूनच घरात शीर. झेपतं का, ते आईला विचार."