उंबरावरची तिसरी हाक

फार वर्षांपूर्वीची, सकाळी सातची गोष्ट. पिकलेल्या उंबराच्या शेंड्यावरून राखणदार कोतवाल पक्षी ओरडला, "ससाणा आला!" पाखरं जिवाच्या आकांताने पळाली आणि तो एकटाच किडे खात बसला. आभाळ रिकामं होतं. पिल्लांपाशी थांबलेल्या साळुंकीने सगळं पाहिलं.

"तिसरी खोटी हाक! लाज आहे का?"

"गंमत केली गं, ताई."

"उद्या तुझ्या हाकेवर कुणी हललं नाही, तर ही गंमत माझ्या पिल्लांच्या जिवावर येईल!"

पाखरांनी त्याला उतरवून शेंड्यावर बुलबुलाला बसवलं. दुपारी खरोखरच ससाणा आला. बुलबुलाची हाक ऐकताच साळुंकीने पिल्लं ढोलीत ओढली. ससाणा रिकाम्या पंजांनी परतला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या दोन खोट्या हाकांनंतरही कोतवालाला शेंड्यावर कुणी ठेवलं, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.