साळुंकीच्या दारातली फुलं

फार पूर्वी ओढ्याकाठच्या उंबरावर पाखरांची मोठी वस्ती होती आणि भारद्वाज तिथला पंच होता. सण सरला की दारावरची सजावट उतरवायची, हा नियम त्यानंच घातला होता.

वसंताचा सण संपला. सगळ्यांनी सजावट काढली, पण साळुंकीच्या ढोलीवर पळसाची लाल फुलं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाजानं सगळ्यांदेखत ती ओरबाडून ओढ्यात टाकली.

संध्याकाळी तिचं पिल्लू परतलं आणि भलत्याच ढोल्यांत शिरू लागलं. कुणी त्याला टोचलं, कुणी हाकललं. "आई, आपलं घर कुठंय?" म्हणून ते रडू लागलं.

"त्याला नीट दिसत नाही," साळुंकी म्हणाली. "लाल रंग तेवढा कळतो."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?" भारद्वाजानं विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठं?"

भारद्वाजाची मान खाली गेली. फुलं तर केव्हाच वाहून गेली होती. तो तिच्या दाराशी गेला आणि आपले तांबडे पंख पसरून बसला.

पिल्लू थेट तिथंच येऊन उतरलं. "आई, फुलं परत आली!" ते हरखून म्हणालं.

सारं झाड भारद्वाजाकडे पाहत होतं. त्याला मात्र कुणाकडेच पाहता येईना.