उपडा तांब्या

टेकडीपलीकडच्या टाकीत तीन दिवस थेंब पडला नव्हता. पाणीपुरवठ्याच्या देशमाने साहेबांनी दुप्पट ताकदीचा पंप बसवला, तरी पाणी येईना. मग ते पंपावरच्या म्हाताऱ्या भिवाजीवर कडाडले, "तुलाच पंप चालवता येत नाही. उद्यापासून घरी बस!"

भिवाजी हादरलाच. पण त्यानं साहेबांच्या हाती तांब्या दिला. "पाण्याच्या बादलीत उपडा दाबून भरा, साहेब."

साहेबांनी सगळा जोर लावला, तांब्या भरेना. भिवाजीनं तो जरासा कलता केला. बुडुक! वारा निघाला, तांब्या भरला.

"पाइपातही वाराच कोंडलाय," म्हणत तो टेकडी चढला आणि माथ्यावरची पाइपाची तोटी सोडली. फुस्सकन वारा सुटला, मागून पाणी उसळलं. मागोमाग आलेलं गाव थक्क!

"ही तोटी बंद केली कुणी?" साहेब ओरडले.

"गळते म्हणून तुम्हीच करायला लावली, साहेब. आता सांगा, घरी कुणी बसायचं?"