सामानाच्या खोलीची कडी

फार पूर्वी विणकरांच्या एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेवर एक गुरुजी होते. गुरुजी शिकवायला चांगले, पण स्वभावाने भारी संशयी. खडू दिसला नाही, तर तो झिजून संपला असेल हे त्यांच्या मनात सगळ्यात शेवटी येई. शाळा सुटली की ते फाटकाला कुलूप लावत, थोडं पुढे जात, आणि परत येऊन कुलूप ओढून बघत.

त्या गावात राहीआत्या नावाची एक म्हातारी विणकरीण एकटीच राहायची. कापड विणण्याआधी लांबच लांब धागे सरळ ताणून, त्यांना खळ लावून वाळवावे लागतात. याला ताणा म्हणतात. गावातल्या गल्ल्या अरुंद आणि वाकड्यातिकड्या. एकदा आत्याच्या ताण्यात कुणाची तरी शेळी घुसली आणि सगळे धागे तुटले. तेव्हा गावकऱ्यांना घेऊन ती शाळेत आली.

"गुरुजी, शाळा सुटल्यावर हा व्हरांडा नुसता पडून असतो. संध्याकाळी आम्हाला ताणा पसरायला द्या. अजून एक ताणा वाया गेला, तर माझा माग बंद पडेल. मग भावाच्या दारात जाऊन पडण्यावाचून गत्यंतर नाही."

गुरुजींच्या मनात नव्हतं, पण एवढ्या माणसांसमोर नाही म्हणवेना. "ठीक आहे. पण शाळेत कुठे काही संशयास्पद वाटलं, तर आधी मला बोलवायचं. माझ्यासमोरच दार उघडायचं."

"बरं, गुरुजी," सगळे म्हणाले.

काही दिवस गेले. एका सकाळी गुरुजींच्या लक्षात आलं, की वाऱ्याने सतत करकरणारी खिडकी आज गप्प आहे. त्यांनी बिजागरीला नाक लावून पाहिलं, तर ताज्या तेलाचा वास आला. कुणीतरी आत शिरायची वाट करून ठेवली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुढे एकदा वर्षानुवर्षं डुगडुगणारा बाक घट्ट उभा दिसला. गुरुजींना वाटलं, आपला बाक नेला आणि दुसराच आणून ठेवला! त्यांनी वाकून पाहिलं, तर शाईचे जुने डाग जागच्या जागी. 'डागसुद्धा हुबेहूब काढलेत,' ते मनाशी म्हणाले, 'चोर तरबेज आहे.'

मग घंटेची कुजकी दोरी गेली आणि तिथे रंगीत सुताची नवी दोरी लोंबू लागली. आता मात्र गुरुजींचा धीर सुटला. संध्याकाळी ते व्हरांड्यात उभे राहिले.

"तुमच्यात चोर आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत त्याचं नाव मला कळलं पाहिजे. नाहीतर फाटक बंद."

"चोरीला काय गेलंय, गुरुजी?" ताण्याच्या मदतीला येणाऱ्या सुताराने विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत."

राहीआत्याचा चेहरा उतरला. गुरुजी म्हणतात म्हणजे चोर असणारच, असं गावालाही वाटलं. माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे तिरप्या नजरेने बघू लागली. शेजाऱ्याकडे पाखडायला सूप मागायलाही लोक कचरू लागले.

बाजाराच्या आदल्या दिवशी गुरुजींनी ठरवलं, चोराला आपणच रंगेहाथ पकडायचं. व्हरांड्याच्या टोकाला सामानाची खोली होती. तिच्या दाराची बाहेरची कडी कधीच बसत नसे, त्यामुळे दाराला कायम फट असायची. लोक यायच्या आत गुरुजी त्या खोलीत शिरले आणि नकाशे नि लेझमांच्या मध्ये दबा धरून बसले.

लोक आले. ताणा पसरला, खळ लावली, वाळल्यावर गुंडाळला. कुणी कशाला हात लावला नाही. गुरुजी हिरमुसले.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "चला, उठायच्या आधी आज काय करायचं?"

"आत्या, नको. गुरुजी आधीच रागावलेत," सुतार म्हणाला.

"म्हणून रीत सोडायची? दुसऱ्याच्या जागेत बसलो, की ती आधीपेक्षा बरी करून उठायचं, आणि बोलून दाखवायचं नाही. खिडकी झाली, बाक झाला, घंटेची दोरी झाली. आज ही कडी कर. चोर फिरतोय म्हणतात, आतलं सामान गेलं तर बोल गुरुजींना लागेल."

आत बसलेल्या गुरुजींचे कान तापले. सुतार दाराशी आला, त्याने फुगलेलं लाकूड तासलं, बिजागरी ठोकली. 'थांबा, मी आत आहे,' एवढं म्हटलं की झालं असतं. पण आत कशाला बसलात, असं कुणी विचारलं तर? गुरुजी उत्तर जुळवू लागले. तेवढ्यात कडी खटकन बसली.

गुरुजींनी दार ढकललं. सुताराचं काम चोख होतं. घाईत त्यांचं कोपर लागलं आणि सगळी लेझमं खणखणली.

"चोर," बाहेर कुणीतरी कुजबुजलं. सुताराने काठी उचलली.

"उघडू नका," आत्या म्हणाली. "गुरुजींसमोरच दार उघडायचं ठरलंय. जा, त्यांना घेऊन या."

एकजण पळत गेला आणि धापा टाकत परत आला. "गुरुजी घरी नाहीत. शेजारी म्हणतात, शाळेकडेच आलेत."

"चोराने त्यांना काही केलं तर नसेल?" आत्याचा आवाज कापरा झाला.

आता गुरुजींना राहवेना. "मी आहे. मीच गुरुजी."

सुताराने दाराला कान लावला. मग तो म्हणाला, "हुबेहूब आवाज काढतोय. तरबेज दिसतो."

गुरुजींनी आतून दारावर थाप मारली. आजवर ते कुणाला अजीजीने बोलले नव्हते. "आत्या, माझ्यावर विश्वास ठेवा."

"उघड रे," आत्या म्हणाली.

"खोटं निघालं तर?"

"तर आपण एवढे जण आहोत. पण खरं असेल, तर भला माणूस अंधारात कोंडलाय."

कडी निघाली. डोक्याला जळमटं लागलेले गुरुजी बाहेर आले. आत्याने काही विचारलं नाही, तांब्याभर पाणी पुढे केलं. गुरुजींनी तांब्या तसाच खाली ठेवला.

"तुमच्यातला चोर धरायला बसलो होतो," ते म्हणाले. त्यांना फार लाज वाटली.

सुताराने काठी खाली ठेवली. आत्याने हळूच विचारलं, "मग उद्यापासून फाटक?"

"उघडं राहील. आणि वर्गाची दारंही उघडून देतो. ताण्याला जागा कमी पडायला नको."

गुरुजींचा स्वभाव काही एकदम बदलला नाही. त्यानंतरही रोज सकाळी ते शाळाभर फिरून काय काय बदललंय ते बारकाईने पाहत. एखाद्या दिवशी काहीच बदललेलं दिसलं नाही, की त्यांना संशय येई. मग ते लगबगीने राहीआत्याच्या घरी जात आणि दारातूनच विचारत, "आत्या, काल आला नाहीत. बरं आहे ना?"

तात्पर्य: संशयाने बघणाऱ्याला जोडलेली वस्तूही चोरलेली दिसते. इतरांना बाहेर ठेवायला घातलेली कडी कधी आपल्यालाच आत कोंडते, आणि तेव्हा ती काढायला बाहेरचीच माणसं लागतात.